मार्च सारखेच का वाटले? नाशिकमधल्या एका हौशी बँडचं प्रकरण

"छान वाजवलंत. पण सगळी सारखीच वाटली हो."

१५ ऑगस्टचा आमचा कार्यक्रम संपला होता आणि आम्ही खुर्च्या उचलत होतो, तेव्हा एका आजोबांनी जवळ येऊन हे सांगितलं. ते मनाला लागलं, कारण सहाच्या सहा मार्च, म्हणजे पावलांच्या ठेक्यावर वाजवायच्या बँडच्या रचना, ऐकलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते. बाहेर पावसाची रिपरिप, मांडीवर ओली छत्री, आणि तरी शेवटपर्यंत बसून राहिले. निम्मं सभागृह तिसऱ्या मार्चनंतरच रिकामं झालं होतं.

तिथून २६ जानेवारीपर्यंतच्या पाच महिन्यांत आमच्या बँडमध्ये काय घडलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मार्च म्हणजे नुसता ढणढणाट, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. आम्ही स्वतःच तो बसवायला हातभार लावत होतो, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

आम्ही कोण

आमच्या बँडला दुकान नाही, गणवेश नाही. रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात जमणारी ही अठ्ठावीस माणसं. त्यात लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य घालवलेले नऊ जण आहेत. लष्करी बँडमधून निवृत्त होऊन नाशिकरोडला स्थायिक झालेले तिघे आहेत, त्यातल्या सर्वांत ज्येष्ठांना आम्ही सुभेदारसाहेब म्हणतो. शरणपूर भागातले दोघे लहानपणापासून चर्चमध्ये ट्रम्पेट वाजवत आले आहेत. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून येणारे चार-पाच जण, आणि उरलेली कॉलेजची मुलं-मुली. मी बासरी वाजवते, म्हणजे आडवी, चाव्यांची. जुळवाजुळवीची सगळी कामंही माझ्याकडेच असतात.

अर्धे लोक स्वरलिपी वाचून वाजवतात, अर्धे कानाने. लग्नाच्या बँडमधले मास्तर एकदा ऐकलेली चाल दुसऱ्यांदा बिनचूक वाजवतात, पण पाच रेघांचा कागद समोर ठेवला की बाजूला सारतात. इंजिनिअरिंगच्या मुलांचं नेमकं उलट. कागद असेल तर वाजेल, कागद वाऱ्याने उडाला की सगळंच थांबेल.

ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी आम्ही जुने, जगभर वाजणारे मार्च निवडले होते. योहान श्ट्राउस थोरला याचा १८४८ सालचा 'रॅडेट्स्की मार्च', केनेथ आल्फर्डचा १९१४ सालचा 'कर्नल बोगी', युलियस फुचिक या चेक संगीतकाराचा १८९७ सालचा 'एन्ट्री ऑफ द ग्लॅडिएटर्स', जो आपण सर्कशीत ऐकत आलो, आणि जॉन फिलिप सूझाचे तीन: 'द वॉशिंग्टन पोस्ट', 'द लिबर्टी बेल' आणि 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर'. सूझा १९३२ साली गेला, आल्फर्ड १९४५ साली. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे या मूळ रचना वाजवायला आता कुणाची परवानगी लागत नाही. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या बँडला याचा मोठा आधार आहे.

आता बघा, एक व्हिएन्नाचा, एक स्कॉटलंडमध्ये सुचलेला, एक चेक लष्करी बँडमास्तरचा, तीन अमेरिकन. पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या अंतरातले, वेगवेगळ्या मातीतले. हे सगळे जर एकसारखे वाटले असतील, तर दोष मार्चचा नव्हता.

फोनवरचं रेकॉर्डिंग

पुढच्या रविवारी मी, मास्तर, सुभेदारसाहेब आणि सातपूरचा आमचा ट्रॉम्बोनवाला, असे चौघं शाळेच्या ओट्यावर बसलो आणि फोनवरचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. ट्रॉम्बोनवाला कारखान्यात तपासणी विभागात आहे. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने घड्याळ लावून ठोके मोजले. पहिला मार्च मिनिटाला १२० ठोक्यांवर सुरू झाला आणि १३८ वर संपला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. कुठूनही निघालो तरी आम्ही १३५-१४० च्या गावाला पोचत होतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. सहा मार्च, सगळे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत पूर्ण दमाने. नाशिकच्या कानाला याची सवय आहे, हे मी समजू शकते. ढोलाचा आवाज छातीत उतरला पाहिजे, हे आपण लहानपणापासून अनुभवलेलं. पन्नास ढोल एका ठोक्यात पडतात आणि मधली पोकळी ताशाची तर्री भरून काढते, तेव्हा अंगावर काटा येतो. पण मार्चमध्ये ती मधली पोकळीच ऐकू यायला हवी. बास पहिला ठोका देतो, आल्टो हॉर्न हे ट्रम्पेटहून खालच्या सुराचं पितळी वाद्य त्याच्या मागोमाग उरलेल्या अर्ध्या जागेत हलका स्वर टाकतो. बास, आल्टो, बास, आल्टो. चालणाऱ्या माणसाचं पाऊल टेकतं तो बास, आणि दुसरा पाय हवेत उचललेला असतो तो आल्टो. रेकॉर्डिंगमध्ये बास ड्रम होता, ट्रम्पेट होते, आणि मध्ये कुणीच नव्हतं. असणार तरी कसं? सात ट्रम्पेट, आणि आल्टो दोन. आणि त्याहून खालच्या सुराचं युफोनियम एकच. मास्तरांचा सूझाफोन वरातीत शोभेसाठी पुढे असायचा. तोंडावर बँडचं नाव रंगवलेलं, पण त्याच्या दोन चाव्या कित्येक वर्षं अडकलेल्या. ज्या सूझाने आपल्या बँडला बासचा आवाज डोक्यावरून पसरवणारं वाद्य हवं म्हणून हे करवून घेतलं, त्याचेच मार्च आम्ही मुक्या सूझाफोनने वाजवत होतो.

तिसरी गोष्ट सुभेदारसाहेबांनी दाखवली, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि 'लिबर्टी बेल' हे सहा मात्रांचे मार्च आहेत. बाकीचे दोनाच्या, चाराच्या हिशेबातले. आम्ही सगळेच चाराच्या साच्यात कोंबले होते. 'वॉशिंग्टन पोस्ट' १८८९ साली त्याच नावाच्या वर्तमानपत्राच्या निबंधस्पर्धेच्या बक्षीस समारंभासाठी लिहिला गेला आणि बघता बघता लोक त्यावर नाचायला लागले, इतकी त्याची चाल झुलती आहे. आमच्याकडे तो लाकडी झाला होता.

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, वेग आम्हीच वाढवतो. वरातीत लय चढवल्याशिवाय पोरं नाचत नाहीत, अन् नाचल्याशिवाय नोटा ओवाळत नाहीत. तीस वर्षांची सवय आहे हाताला."

त्यांनी स्वतःहून हे सांगितलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. खरं तर मुलंही तितकीच पळत होती, धास्तीने. पण मुलांपैकी कुणी ते कबूल केलं नव्हतं.

चालल्याशिवाय चाल

उपाय काय, यावर दोन महिने वाद चालला. सुभेदारसाहेबांचं म्हणणं, मेट्रोनोम लावा, खुर्चीत ताठ बसा, कागद वाचा. तसं करून पाहिलं. फोनमधला मेट्रोनोम टिकटिकत राहायचा आणि अठ्ठावीस वाद्यांत तो कुणालाच ऐकू यायचा नाही. स्पीकरला जोडला, तर सगळे त्याच्या मागे धावायला लागले आणि वादनातला जीवच गेला.

दिवाळीआधीच्या एका रविवारी मास्तर वैतागून उठले. "साहेब, चालल्याशिवाय चाल कशी कळणार?"

सुभेदारसाहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांना मैदानात घेऊन गेले. आपल्या भाषेत सुरांच्या मांडणीलाही चाल म्हणतात आणि पायांच्या गतीलाही. मार्चच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, आणि आम्ही वर्षभर खुर्च्यांत बसून तो वाजवत होतो.

कवायतीत 'तेज चल'चा हिशेब ठरलेला असतो. मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. ट्रॉम्बोनवाल्याने तिथेच गुणाकार केला. ३,६०० इंच, म्हणजे साधारण ९१ मीटर. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून मोजपट्टी घेऊन आला, मैदानाच्या कडेने ९१ मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याने रंगवलेले दोन दगड ठेवले. पहिल्या दगडापासून वाजवत निघायचं, मिनिट पूर्ण होताना दुसऱ्या दगडापाशी असायचं. आधी पोचलो तर पळालो, उशिरा पोचलो तर रेंगाळलो. पाऊल तीस इंचांचं पडावं म्हणून सुभेदारसाहेबांनी पहिले दोन रविवार वाद्यांशिवाय नुसतं चालवून घेतलं. कॉलेजच्या मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली. पण जमिनीवर पाऊल पडताना दिसतं, कागदावरची १२० ही संख्या दिसत नाही.

वाद्यांसह पहिल्यांदा निघालो तेव्हा मिनिट व्हायच्या आतच दगड मागे पडला होता, चांगली आठ-नऊ पावलं. पुढच्या वेळी पाच. डिसेंबरच्या मध्याला आम्ही दगडापाशी, एखाद-दुसऱ्या पावलाच्या फरकाने, थांबायला लागलो. बास ड्रम मास्तरांच्या पुतण्याकडे होता. लय चढवायची त्याच्या हाताची सवय सुटायला वेळ लागला. मास्तर त्याच्या पुढे उलटे चालायचे, त्याच्याकडे तोंड करून, हाताने फक्त 'खाली, खाली' असं दाखवत.

सहा मात्रांचा प्रश्नही चालतानाच सुटला, आणि तो सोडवला आमच्यातल्या तबला शिकलेल्या एका मुलीने. तिने सांगितलं, हा जलद दादरा समजा. धा धी ना, धा ती ना. डावं पाऊल समेवर, उजवं खालीवर. पहिल्या मात्रेला एक पाय, चौथीला दुसरा. मास्तर आणि त्यांचे सगळे साथीदार पाच मिनिटांत बरोबर झाले. 'वॉशिंग्टन पोस्ट' तिथून पुढे झुलायला लागला तो कायमचा. कागद वाचणाऱ्या मुलांना उलट जास्त वेळ लागला.

ट्रायोचा खमाज

बहुतेक मार्चची घडण साधारण अशी असते: छोटी सुरुवात, मग पहिला भाग, दुसरा भाग, दोन्ही दोनदा, आणि मग ट्रायो. ट्रायोत सगळंच बदलतं. नवी चाल येते, सहसा गाण्यासारखी, लांब स्वरांची, आणि षड्जही बदलतो. आधीच्या मध्यमाला षड्ज मानून तिथून पुढचं सगळं वाजतं. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'ला आपण जिथे गुणगुणायला लागतो, तो हा ट्रायोच. ऑगस्टमध्ये नेमका इथे आमचा बँड फुटला होता. वाचणाऱ्यांनी कागदावरची नवी खूण पाहून स्वर बदलला, कानाने वाजवणारे जुन्याच स्वरांत राहिले. एक स्वर सोडला तर बाकी सगळे स्वर दोन्हीकडे सारखे असतात, त्यामुळे चूक नेमकी कुठे आहे ते लवकर लक्षातही येत नाही. फक्त ऐकताना दातात खडा आल्यासारखं होतं.

क्लॅरिनेट वाजवणारे आमचे काका साठीच्या पुढचे, पूर्णपणे कानाचे. त्यांना सुभेदारसाहेबांनी सगळ्या परीने समजावलं: नवीन सूर, नवी पट्टी, अमका स्वर अर्धा उतरवा. काका मान डोलावत आणि पुन्हा तेच वाजवत. शेवटी मी पेटी घेऊन बसले. जुना सा धरून ठेवला आणि त्यावर ट्रायोची चाल वाजवून दाखवली. काकांनी डोळे मिटले. दोनदा ऐकलं.

"नी कोमल लागतोय."

"हो काका."

"बाकी सगळं शुद्ध. म्हणजे खमाज की हा!" आणि क्लॅरिनेट ओठाला लावून त्यांनी ट्रायो असा वाजवला की सभागृहातली मुलं वाजवायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. जुन्या षड्जावरून पाहिलं तर तो खरोखरच खमाज थाट आहे. आम्ही इतके दिवस त्यांना, त्यांना न येणाऱ्या भाषेत सांगत होतो. पुढच्या रविवारी सगळ्या कानवाल्यांच्या वहीत ट्रायोच्या जागी लाल पेनने एकच शब्द होता: खमाज.

आवाज उतरवणं याहून अवघड गेलं. सूझा स्वतःच्या बँडबरोबर वाजवताना छापील कागदाला चिकटून राहत नसे. पुन्हा येणारा भाग पहिल्यांदा हलका, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन गप्प, तालवाद्यंही गप्प, फक्त क्लॅरिनेट आणि खालचे स्वर. दुसऱ्यांदा सगळे. हे छापलेल्या प्रतीत नसायचं, त्याच्या वादकांना माहीत असायचं. आम्ही तेच करायचं ठरवलं, तर ट्रम्पेटवाले नाराज. "आम्ही काय नुसतं मोजत बसायचं?" हो, मोजत बसायचं. बत्तीस मोजायचे आणि मग असं यायचं की समोरच्याने मान वर केली पाहिजे. मी यावर हट्ट धरला आणि अजूनही मला तो योग्यच वाटतो. पहिल्यांदा गप्प बसणाराच दुसऱ्यांदा ऐकू येतो.

सातांपैकी दोन ट्रम्पेटवाल्यांनी आल्टो हातात घेतला. बोटं तीच, तीनच चाव्या, तोंडाला लागणारा भाग थोडा मोठा. अवघड ते नव्हतं. अवघड हे होतं की सबंध कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला एकही चाल येणार नव्हती, फक्त मधल्या जागा. त्यातला एक चर्चमध्ये वाजवणारा होता. तो म्हणाला की कोरसमध्ये मधला आवाज गाणाऱ्याला हे रोजचंच आहे. सूझाफोनच्या चाव्या भद्रकालीतल्या एका कारागिराने सोडवून दिल्या. पहिल्यांदा त्यातून खालचा सा आला तेव्हा मास्तरांनी पागोटं काढून वाद्याला नमस्कार केला.

पैशाचा प्रश्न

हौशी बँडमध्ये पैसे का द्यायचे, हा प्रश्न आमच्या बैठकीत आला. माझं मत मी इथे स्पष्ट लिहिते. ज्याला नोकरी आहे, पेन्शन आहे, किंवा घरून डबा येतो, त्याची हौस आणि ज्याचा संसार वाद्यावर चालतो त्याचा वेळ, या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. लग्नाच्या बँडमधल्या आमच्या नऊ जणांना मुहूर्ताच्या दिवशी सरावाला या म्हणणं म्हणजे त्यांच्या ताटातली भाकरी उचलणं. म्हणून सरावाचं वेळापत्रक आम्ही पंचांग उघडून ठरवलं. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू, तेव्हा सराव कमी. पौषात लग्नं नसतात, तेव्हा आठवड्यातून तीनदा. आणि बाकीच्यांच्या वर्गणीतून या नऊ जणांना प्रत्येक सरावाचं जाण्यायेण्याचं भाडं आणि कार्यक्रमाची बिदागी. दोन सभासद यावर बँड सोडून गेले. त्यांचं वाईट वाटलं, निर्णयाचं नाही.

घंटेचा शोध

'लिबर्टी बेल'च्या ट्रायोत खरोखरची घंटा वाजते. हा मार्च सूझाने आधी एका संगीत नाटकासाठी लिहायला घेतला होता. मग शिकागोत रंगमंचावरच्या एका खेळात फिलाडेल्फियाच्या त्या प्रसिद्ध घंटेचं भव्य चित्र त्याने पाहिलं, आणि त्याच सुमारास घरून पत्र आलं की मुलगा घंटेच्या सन्मानार्थ निघालेल्या संचलनात चालला. तिथून हे नाव. ऑगस्टमध्ये आम्ही त्या जागी झांज वाजवली होती. नाशिककरांना घंटा म्हटलं की नारोशंकराची आठवते, वसईच्या विजयाची खूण म्हणून रामेश्वराच्या देवळात टांगलेली. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं आणि घंटा किती दूर आहे, हे आपण आजही विचारतो. अशा गावात घंटेच्या जागी झांज वाजवणं मला पटत नव्हतं.

डिसेंबरच्या एका दुपारी मी, क्लॅरिनेटकाका आणि ट्रॉम्बोनवाला भांडी बाजारात गेलो. काकांनी क्लॅरिनेट पिशवीत घेतलं होतं. दुकानापुढे टांगलेल्या पितळी घंटा एकेक करून वाजवायच्या आणि ट्रायोच्या षड्जाशी किंवा पंचमाशी जुळते का पाहायचं. ट्रॉम्बोनवाल्याच्या फोनमधलं सूर दाखवणारं ॲप एकाच घंटेला तीन वेगळे स्वर दाखवी, कारण घंटेत एकच सूर नसतो, अनेक सूर एकत्र घुमत असतात. काका मात्र टोला पडला की डोळे मिटत आणि हात आडवा करत: नाही. चौथ्या दुकानात, वरच्या फळीवरून उतरवलेल्या धुळकट घंटेवर त्यांनी हात थांबवला. पिशवीतून क्लॅरिनेट काढलं, पंचम धरला. पुन्हा टोला. दुकानदाराने पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. गंधारासारखा एक स्वर वर तरंगत होता आणि त्याखाली पंचम ठाम. तीच घेतली, आणि दुकानदाराने वजनापेक्षा कमी पैसे लावले.

२६ जानेवारीची सकाळ

ध्वजवंदनानंतर सव्वानऊला शाळेच्या मैदानातच कार्यक्रम ठेवला होता. नाशिकची जानेवारीतली सकाळ कशी असते ते सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या आदल्या दिवशीच येत होत्या. आम्ही आठला जमून सूर जुळवले आणि धक्का बसला. घंटा वाजली आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घंटा चढी लागत होती.

घंटा तिच्या जागीच होती. आम्ही उतरलो होतो. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, म्हणून फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर खाली येतो. नळीतली हवा एका अंशाने गार झाली की साधारण तीन सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट). फुंकरीने आतली हवा ऊबदार राहते, म्हणून प्रत्यक्षात तितका फरक पडत नाही, पण मैदानात थांबलेल्या आमच्या पितळी वाद्यांचा सूर जवळजवळ वीस सेंटने उतरला होता. म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा भाग. पितळेची घंटा थंडीने अशी उतरत नाही. डिसेंबरची दुपार आणि सभागृहातली ऊब धरून आम्ही तिला निवडलं होतं, ही आमचीच चूक.

मास्तरांना हे सेंटचं गणित नको होतं. वरातीत पहाटेपर्यंत वाजवलेला माणूस तो. त्यांनी सगळ्यांना वाद्यं जॅकेटच्या आत धरायला सांगितली आणि आवाज न काढता नुसती गरम फुंकर नळीत सोडत राहायला. सुभेदारसाहेबांनी क्रम बदलला. तिसरा असलेला 'लिबर्टी बेल' शेवटून दुसरा गेला, तोवर ऊनही मैदानावर येणार होतं.

सुरुवात 'कर्नल बोगी'ने केली. पहिले दोन स्वर, पंचम आणि गंधार. स्कॉटलंडमध्ये गोल्फ खेळणारा एक अधिकारी ओरडण्याऐवजी याच दोन स्वरांची शीळ घालायचा, त्यावरून आल्फर्डला मार्च सुचला असं सांगतात. आल्फर्ड हे नाव टोपण होतं. खरं नाव फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स, लष्करी बँडमास्तर, आणि नोकरीत असताना स्वतःच्या नावाने असं काही छापणं तेव्हा रुचत नसे. निवेदनात मी हे सांगितलं आणि आपल्या गोल्फ क्लब मैदानाची आठवण काढली. मुलांना ते क्रिकेटचं मैदान म्हणून माहीत आहे.

'रॅडेट्स्की' आम्ही मुद्दाम संथ घेतला, ११० च्या आसपास. व्हिएन्नातल्या नववर्षाच्या मैफिलीत लोक याला टाळ्यांची साथ देतात. हलक्या भागात हलक्या, जोरकस भागात मोठ्या. आम्ही लोकांना तसं सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या चिमुरड्यांनी टाळ्या आमच्यापेक्षा चांगल्या कमी-जास्त केल्या. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'चा ट्रायो पहिल्यांदा आला तेव्हा फक्त क्लॅरिनेट, युफोनियम आणि खाली सूझाफोन. इतकं हलकं की कडेच्या टेबलावर कुणीतरी चहाचा पेला ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. मी बासरीवर पुढच्या धावत्या तानेसाठी श्वास घेत होते आणि मैदानावर कुणी हलत नव्हतं. दुसऱ्यांदा पाच ट्रम्पेट उभे राहिले.

'लिबर्टी बेल'ला घंटा जुळली. पूर्ण नाही, अगदी किंचित चढी, पण खटकणार नाही इतकी.

'एन्ट्री ऑफ द ग्लॅडिएटर्स' मात्र आम्ही दहा दिवस आधी वगळला होता. त्यात अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी चढत-उतरत जाणाऱ्या लांब ताना आहेत. फुचिकने तो लष्करी थाटाचा, भारदस्त मार्च म्हणून लिहिला होता, सर्कशीचा वेग त्याला नंतर मिळाला. संथ वाजवला असता तर कदाचित जमला असता. मुलांनी त्यावर तीन महिने घाम गाळला होता आणि ती रागावली. आता मागे वळून पाहताना वाटतं की वगळण्याऐवजी संथ वाजवायला हवा होता. हा निर्णय घाईचा झाला.

आता

दोन्ही रेकॉर्डिंग ट्रॉम्बोनवाल्याने पुन्हा मोजली. जानेवारीत १२० वर निघालेले मार्च ११८ ते १२३ मध्ये राहिले. फक्त शेवटच्या 'सारे जहाँ से अच्छा'ला आम्ही थोडे धावलो, कारण लोक बरोबर गायला लागले होते.

आल्टोवर अजून चारच जण आहेत आणि त्यातला एक जूनमध्ये पुण्याला शिकायला जाणार आहे. नवा येणारा प्रत्येक जण ट्रम्पेट मागतो. गेल्या रविवारी नववीतली एक मुलगी आली, आईबरोबर. तिलाही ट्रम्पेटच हवा होता. मी तिच्या हातात आल्टो दिला आणि तिचा भाग दाखवला: ओळीच्या ओळी, सगळ्या त्याच दोन-तीन स्वरांच्या, प्रत्येक स्वराआधी छोटी विश्रांती.

"ताई, पण यात चाल कुठेय?"

मी मास्तरांना हाक मारली. त्यांनी पुतण्याकडून बास ड्रम घेऊन स्वतःच्या गळ्यात अडकवला, मुलीला डाव्या बाजूला उभं केलं, आणि दोघं पहिल्या चुन्याच्या दगडापासून दुसऱ्याकडे चालायला लागले.